हातात एकही लग्न नाही, तरी लग्नाची फोटोग्राफी सुरू करायची आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय २७, कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. चार वर्षांपासून कॅनन २००डी आहे, सोबत किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. आजवर काढलं ते गडकिल्ले, आयर्विन पुलाखालचं पावसाळ्यातलं पाणी, हरिपूरचा संगम. माणसांचे फोटो फारसे काढले नव्हते.

या वैशाखात चुलतबहिणीचं लग्न झालं. फोटोग्राफर वेगळे होते, मी नुसता कॅमेरा गळ्यात घालून फिरत होतो. पाठवणीच्या वेळी सगळी मंडळी गाडीपाशी जमली होती आणि काका कुठेच दिसेनात. शोधत गेलो तर ते हॉलच्या मागच्या बाजूला एकटेच प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचत होते. कुणी सांगितलं नव्हतं, हॉलवाल्यांची माणसं होती की. त्यांची पाठ, हातात खुर्ची, खांद्यावर तसाच राहिलेला आहेराचा टॉवेल. मी एकच फोटो काढला. काकूंनी तो मोठा करून घेतला आणि अल्बम येण्याआधी तो फोटो भिंतीवर लागला. तेव्हापासून हेच काम करायचं असं डोक्यात बसलंय.

अडचण अशी की, जिथे विचारावं तिथे पहिला प्रश्न एकच, "आधी केलेली लग्नं दाखवा." दाखवायला लग्न नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून दाखवायला लग्न नाही. एक मित्र म्हणतो, पुण्या-मुंबईत मॉडेल घेऊन नवरीचे फोटो काढायचे वर्कशॉप असतात, पैसे भर आणि पोर्टफोलिओ करून आण. दुसरा म्हणतो, पहिली पाच लग्नं फुकट कर. तिसऱ्याने तर नेटवरून चार चांगले फोटो उचलून पेज सुरू करायला सांगितलं. ते मी करणार नाही, पण बाकीच्या दोन्हींतलं काय बरोबर? या कामात असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

तिसरी_घंटा

कोल्हापूर. या धंद्यात एकोणीस वर्षं झाली. सविस्तर लिहितो, कारण मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचा खुर्च्यांचा फोटो न बघताच सांगतो, तो तुमच्या पोर्टफोलिओतला पहिला फोटो. पण त्या एका फोटोवर कुणी लग्न देणार नाही, आणि देऊही नये. "आधीची लग्नं दाखवा" म्हणणाऱ्या माणसाला तुमची कला तपासायची नसते. त्याच्या पोटात भीती असते. लग्न परत होत नाही. या माणसाला अंतरपाट कधी दूर होतो ते माहीत आहे का, हॉलमध्ये लाइट गेली तर हा काय करेल, फोटो हातात पडतील की नाही, हे त्याला विचारायचं असतं. ते शब्दांत विचारता येत नाही, म्हणून तो जुने फोटो मागतो.

म्हणून निवडक वीस फोटोंच्या मागे लागू नका. एक घरगुती कार्य पहिल्यापासून शेवटपर्यंत काढा आणि ते सलग दाखवा. दारातल्या रांगोळीपासून भांडी घासायला निघालेल्या बायकांपर्यंत. शंभर फोटो. त्यात दहा साधे असले तरी चालतील, पण कार्य पूर्ण दिसलं पाहिजे. समोरच्याला कळतं की हा माणूस शेवटपर्यंत उभा होता.

आणि पहिलं लग्न एकट्याने घेऊ नका. फुकटही नाही आणि पैसे घेऊनही नाही. का, ते सांगतो.

२०१४ साली माझ्या हातून एक चूक झाली. सकाळी हळद, दुपारी लग्न, संध्याकाळी लगेच दुसऱ्या गावात साखरपुडा. तीन मेमरी कार्डं होती, तिन्ही एकसारखी, एकाच खिशात. साखरपुड्याला पोचल्यावर घाईत एक कार्ड घातलं, फॉरमॅट केलं आणि काम सुरू केलं. रात्री घरी आल्यावर कळलं, ते दुपारचं कार्ड होतं. मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी त्यावरच. वर साखरपुड्याचे चारशे फोटो बसलेले. रिकव्हरीवाल्याकडे धावलो, थोडे फोटो निघाले, तेही अर्धे राखाडी पट्ट्यांचे. अंतरपाटाचा एकही नाही. तिसऱ्या दिवशी मुलीच्या घरी जाऊन समोर बसून सांगितलं. पैसे सगळे परत दिले. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, त्यांनी चहा पुढे केला. तो चहा मला अजून आठवतो.

तेव्हापासून कमरेला दोन कप्प्यांची पिशवी असते. कोरं कार्ड उजवीकडे, भरलेलं डावीकडे. डावीकडचं कार्ड घरी जाऊन दोन ठिकाणी उतरवेपर्यंत बाहेर निघत नाही. प्रत्येक कार्डावर पांढऱ्या पेनाने नंबर. आणि दोन कार्डं बसणारा कॅमेरा. तुमच्या २००डीमध्ये एकच कार्ड बसतं. मुंजीला, बारशाला हरकत नाही. लग्नाला मात्र दोन स्लॉटचा कॅमेरा भाड्याने घ्या, किंवा वापरलेला घ्या. निकॉन डी७५० सारखे जुने कॅमेरे आजही उत्तम काम देतात. मुंबईत बोरा बाजारात चौकशी करा, पण घेताना सोबत जाणकार न्या.

मोगरा२१

मी फोटोग्राफर नाही. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न झालं आणि मी मुद्दाम एका नवख्या मुलाला काम दिलं. का दिलं ते सांगितलं तर तुम्हाला उपयोग होईल.

त्याआधी माझ्या भावाच्या लग्नाला मोठ्या नावाचा स्टुडिओ होता. पेजवर एकाहून एक सुंदर फोटो. आमच्याकडे प्रत्यक्षात आले ते दुसरेच लोक. त्यांनी नवरा-नवरीला अडीच तास बागेत नेऊन फोटो काढले आणि तेवढ्या वेळात हॉलमध्ये माझी आजी पंगतीत बसून, जेवून, दमून घरी गेली. अल्बम आला अकरा महिन्यांनी. त्यात आजी कुठेच नाही. सोळाशे फोटोंत नाही. आणि अल्बम येईपर्यंत आजीही राहिली नव्हती. आई अल्बम उघडते आणि चार पानांनंतर बंद करते.

माझ्या वेळी हा मुलगा भेटायला आला तेव्हा त्याच्याकडे एकाही लग्नाचा फोटो नव्हता. त्याने लॅपटॉपवर भाचीचं बारसं दाखवलं. पाळण्याला फुलं बांधणारे हात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणणाऱ्या बायकांचे चेहरे, कानात नाव सांगताना आत्याचं हसू, आणि मागे कोपऱ्यात पेंगणारे पणजोबा. मग त्याने वही काढली आणि विचारलं, "तुमच्या घरातली अशी दहा माणसं सांगा, ज्यांचा फोटो नसेल तर तुम्हाला चालणार नाही." आईने तिथल्या तिथे होकार दिला.

तुम्ही ही वही नक्की ठेवा.

गोदातीर

मी जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवतो. वडिलांनी १९८८ साली पासपोर्ट फोटोवर सुरू केला. फुकटच्या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे.

भाऊ, तुम्हाला नोकरी आहे. पाच लग्नं फुकट केली तरी तुमची चूल पेटणार. आमची त्या पाच लग्नांवर पेटते. गावात एक मुलगा कॅमेरा घेऊन आला आणि "आवड म्हणून करतो, पैसे नकोत" म्हणाला की पुढच्या घरी माझा भाव पडतो. अल्बमची प्रिंट, लॅबचा खर्च, लाइटवाल्याची मजुरी, व्हिडिओ मिक्सिंगवाल्याचे पैसे, यातलं काहीच फुकट नसतं. करिझ्मा अल्बमचं, म्हणजे फोटो थेट पानावर छापलेल्या अल्बमचं, एक पानही फुकट येत नाही.

दुसरं असं की, फुकटच्या माणसाला मांडवात किंमत नसते. यजमान त्याला पाहुणा समजतात. "अरे, जरा हे ताट धर," "जरा नवरदेवाच्या मित्रांना आणायला जा." मंगलाष्टकांच्या वेळी तुम्ही स्टँडवर पाहुणे आणायला गेलेले असाल. थोडे का होईना, पैसे घ्या, इसार घ्या, पावती द्या.

त्यापेक्षा आमच्यासारख्यांकडे या. वैशाखात एकाच तिथीला तीन-तीन ऑर्डरी येतात आणि हाताशी भरवशाचा माणूस नसतो. मला उत्तम फोटो काढणारा नको, वेळेवर येणारा आणि बॅटऱ्या चार्ज करून आणणारा पाहिजे. तुमच्या सांगलीतही माझ्यासारखे दहा जण असतील. ज्यांचं काम हिसकावलं जाईल अशी त्यांना भीती वाटते, त्यांच्याच दुकानात जाऊन चहा प्या. भीतीही जाईल आणि कामही मिळेल.

कृष्णाकाठ

गोदातीर दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फुकटचा विचार सोडला. मोगराताई, तुमच्या आजींबद्दल वाचून फार वाईट वाटलं. वही आजच आणली.

सेकंड_शूटर

पुण्यात सहा वर्षं हेच काम करते आहे, दुसऱ्यांच्या ऑर्डरींवर जाऊन फोटो काढायचे. आमच्यात त्याला एक्स्पोजिंग म्हणतात. ठरलेले दिवसाचे पैसे, रात्री कार्ड स्टुडिओच्या ताब्यात, विषय संपला. मला पहिल्या दिवसाचे १,५०० मिळाले होते आणि सोळा तास उभी होते. पण त्या एका दिवसात जे शिकले ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

कसं शिरायचं? स्टुडिओला "मला फोटोग्राफर म्हणून घ्या" असा मेसेज पाठवू नका, रोज असे वीस येतात. "अमुक तिथीला लाइट धरायला, कार्ड सांभाळायला माणूस लागला तर मी मोकळा आहे" असं लिहा. तिथीची तारीख घालून लिहा, म्हणजे समोरच्याला कळतं की तुम्हाला पंचांग माहीत आहे. माझं पहिलं काम असंच आलं, त्यांचा लाइटमन आदल्या रात्री आजारी पडला होता.

तुमच्यासाठी आणखी एक. आत्ता आषाढ चालू आहे, चातुर्मासात तिथी नाहीत, तुळशीच्या लग्नानंतरच सीझन उघडणार. हे चार महिने वाया घालवू नका. तुमच्या चुलतबहिणीचं लग्न वैशाखात झालं म्हणताय, मग श्रावणात तिची पहिली मंगळागौर असेल ना? लग्नाच्या कामाची इतकी चांगली तालीम दुसरी नाही. नव्या नवरीचा शालू, दागिने, मेंदी, पूजेची पत्री, सगळं तेच. प्रकाश घरातला, अपुरा. आणि रात्री फुगड्या, झिम्मा, पिंगा, म्हणजे कमी उजेडात वेगाने हलणारी माणसं. तिथे हात बसला की वरातीला घाबरायचं कारण नाही. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवलं तर फुगडी स्थिर मिळत नाही, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर न्यावी लागली तरी न्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. मग एकदा मुद्दाम १/१५ वर काढा, पदर फिरताना काय होतं बघा. मात्र बायकांचा कार्यक्रम असतो, काकूंना आधी विचारून ठेवा आणि मैत्रिणींना नको वाटलं तर कॅमेरा खाली.

हॉलच्या उजेडाबद्दल थोडं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५०० ठेवलं की फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या येतात. १/१०० वर त्या जातात. माझ्या तिसऱ्या लग्नात स्टेजवरचे सगळे फोटो पट्ट्यांचे आले होते. आता हॉलमध्ये शिरल्यावर रिकाम्या स्टेजचे चार फोटो काढून मोठे करून बघते, मगच पुढे. फ्लॅश पांढऱ्या छतावर मारून उजेड खाली घेता येतो, पण वर गुलाबी किंवा पिवळं कापड असलेल्या मांडवात तसं केलंत तर नवरीचा चेहरा त्याच रंगाचा होईल.

जाता जाता: मी काढलेले किती फोटो दुसऱ्यांच्या पेजवर आहेत याची मोजदाद नाही. होमाई व्यारावाला जेजे स्कूलमधून शिकलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापून यायचे. म्हणून एक्स्पोजिंगला जाण्याआधीच विचारा की यातले दहा फोटो मला माझ्या पोर्टफोलिओत वापरता येतील का. आधी विचारलं तर बरेच जण हो म्हणतात. नंतर विचारलं तर बहुतेक नाही म्हणतात.

कलम_दवात

वरच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो, वकिली करतो म्हणून.

आपल्याकडे बहुतेक फोटोग्राफरांचा समज असतो की, मी बटण दाबलं म्हणजे फोटो माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि दुसरा काही करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा असतो. म्हणजे पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढलेत आणि कागद केला नाहीत, तर ते फोटो यजमानांचे. आणि स्टुडिओच्या सांगण्यावरून दिवसाचे पैसे घेऊन काढलेत, तर तुमचे नक्कीच नाहीत. सेकंड_शूटर ताईंनी आधी विचारायला सांगितलं ते म्हणूनच योग्य आहे, फक्त ते लेखी घ्या. चार ओळींचा मेसेज आणि त्यावर होकार, एवढंही नसण्यापेक्षा खूप बरं.

मोबदला न घेता काढलेल्या फोटोंचे मालक तुम्हीच, पण म्हणून कुणाच्या घरातला फोटो न विचारता जगासमोर ठेवू नका. हळदीतले, ओल्या कपड्यांतले, रडतानाचे फोटो तर अजिबात नाही.

यजमानांशी एक पानाचा मराठी कागद पुरे. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती फोटो, कधी देणार, इसार किती, तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार, आणि पोर्टफोलिओत वापरायला परवानगी आहे की नाही. खाली दोघांच्या सह्या.

नवी_काच

वर्कशॉपबद्दल कुणीच बोललं नाही. मी दोन केले आहेत आणि माझं मत थोडं वेगळं आहे. उजेड शिकायला ते चांगले. खिडकीजवळ चेहरा कसा फिरवायचा, नथीची सावली ओठावर पडू नये म्हणून दिवा किती वर धरायचा, हे निवांतपणे शिकता आलं. खऱ्या लग्नात नवरी तुम्हाला चार मिनिटं देते.

पण ते फोटो पोर्टफोलिओ म्हणून लावले तेव्हा काय झालं ते सांगते. एका कुटुंबाने मला भेटायला बोलावलं आणि मुलीच्या मावशीने फोन पुढे केला. तीच मॉडेल, तीच जांभळी नऊवारी, तोच वाडा, दुसऱ्या फोटोग्राफरच्या पेजवर. आम्ही बारा जणांनी एकाच दिवशी एकाच मुलीचे फोटो काढले होते. मावशींनी विचारलं, "यांचं लग्न नक्की कुणी केलं?" मी खरं सांगितलं, पण त्यांच्या मनातून उतरले ती उतरलेच. आता ते फोटो ठेवले आहेत, पण त्यावर स्पष्ट लिहिलंय की हे सरावाचे फोटो आहेत.

तिसरी_घंटा

नवी_काच, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नेटवरून फोटो उचलायचा सल्ला देणाऱ्यांनीही वाचावं. सोयरिकीत माणसं एकमेकांना ओळखतात, आज ना उद्या कळतंच.

पंचपाळं

मी पौरोहित्य करतो. फोटोग्राफर नसलो तरी वर्षाकाठी तुमच्यापैकी अनेकांच्या शेजारी बसतो, म्हणून थोडं लिहितो.

मुलांचे कॅमेरे चांगले असतात, पण पुढे काय होणार हे त्यांना माहीत नसतं. मग मला सांगतात, "गुरुजी, अंतरपाट परत धरा, फोटो हुकला." मुहूर्त परत धरता येत नाही. एकदा लाजाहोमाच्या वेळी नवरीच्या भावाला तीनदा लाह्या घालायला लावल्या, मुलीच्या डोळ्यांत धूर जाऊन पाणी येत होतं. मला त्या मुलीची कीव आली.

तुम्हाला लग्नाचा फोटोग्राफर व्हायचं असेल तर दहा लग्नांत कॅमेऱ्याशिवाय बसा. मंगलाष्टकांचा शेवट कानाने ओळखा. इतर अष्टकं मामा-मावशा म्हणतात, ती कितीही लांबतात. पण मी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू केलं की मुहूर्ताची घटका भरली. तिथे बोट बटणावर असलं पाहिजे. त्यानंतर अंतरपाट दूर, वाजंत्री, टाळ्या आणि अक्षतांचा वर्षाव, सगळं दोन-तीन श्वासांत. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार हे मला आधी येऊन विचारा, त्याच्या उलट्या बाजूला उभे राहा, नाहीतर कापडाचाच फोटो मिळेल.

पुढचेही क्षण असेच. सप्तपदीला तांदळाच्या सात राशी मांडतो, पाऊल पडलं की रास मोडते, म्हणून आधी एक फोटो नुसत्या राशींचा घ्या. कानपिळीला भाऊ उठला की नवरदेवाकडे नाही, नवरीकडे बघा, ती पहिल्यांदा मोकळी हसते. सूनमुखाला आरशात दोन चेहरे येतात, सासूचा आणि सुनेचा, त्यासाठी सासूच्या खांद्यामागे जागा धरावी लागते. झालीच्या वेळी डोक्यावर दिव्यांची टोपली असते, तिथे फ्लॅश मारू नका, दिव्यांचा उजेड मरतो. हे मला एका जुन्या फोटोग्राफरनेच सांगितलेलं.

आणि सुरुवात मुंजीपासून करा. मुंजीतही अंतरपाट असतो, बटू आणि वडील यांच्यामध्ये. मंगलाष्टका त्याच, होम तोच, धूर तोच, हॉलही बहुधा तोच. मातृभोजनाला आई मुलाला शेवटचा घास भरवते, त्या वेळी आईच्या चेहऱ्याकडे बघा. भिक्षावळीत सगळं गोत एकामागून एक समोर येतं, तुमच्या त्या वहीतली सगळी माणसं आपोआप मिळतील. मुंजीला लोक मोठा स्टुडिओ लावत नाहीत, नवख्याला संधी असते. आमच्यापैकी कुणाला विचारून ठेवा. यजमान आम्हालाच विचारतात, "गुरुजी, फोटोवाला आहे का कुणी ओळखीचा?"

कार्यात येताना चपला बाहेर काढा. एवढ्यानेही गुरुजी तुमच्या बाजूने होतात.

पेठेतला

दोन जागा सुचवतो, इथे कुणी लिहिलेल्या दिसल्या नाहीत. एक, नोंदणी विवाह. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणारे नोटीस देऊन ३० दिवस थांबतात, मग तीन साक्षीदार आणि सह्या. बहुतेक जोडपी फोटोग्राफर सांगत नाहीत, साक्षीदारच मोबाइलवर काढतो. माझंही तसंच झालं आणि आमच्याकडे सहीचा एकच हललेला फोटो आहे. अशा जोडप्याने दोन तासांचे पैसे आनंदाने दिले असते. दुसरी जागा आळंदी. तिथे कमी खर्चात लग्न लावायला दुरून माणसं येतात, तिथीला धर्मशाळा आणि कार्यालयं भरून जातात. कित्येकांकडे कॅमेराच नसतो.

सेकंड_शूटर

नोंदणी विवाहाची कल्पना उत्तम. फक्त कार्यालयात आत फोटो काढू देतात का ते आधी विचारून घ्यायचं. आणि नवख्यांनो, ड्रोनच्या नादी सुरुवातीलाच लागू नका. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर परवाना आणि नोंदणी दोन्ही लागतं.

कृष्णाकाठ

सात महिन्यांनी धागा वर आणतोय. ज्यांनी लिहिलं त्यांना काय झालं हे कळायला हवं.

श्रावणात ताईची मंगळागौर काढली. आधी काकूंना विचारलं, त्यांनी सगळ्यांना विचारलं. पहिले दोन तास एकही धड फोटो नाही, सगळ्या फुगड्या हललेल्या. मग सेकंड_शूटर ताईंचं आठवलं, आयएसओ वर नेला. पहाटे तीनला ताई आणि तिची सासू एकमेकींचे हात धरून फुगडी घालत होत्या, सासूबाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर. तो फोटो मिळाला. १२० फोटोंचा सलग संच केला.

दसऱ्यानंतर गावातल्या तीन स्टुडिओंत गेलो. दोघांनी नाव लिहून घेतलं आणि विसरले. तिसऱ्या काकांनी विचारलं, "लाइट धरशील का?" तुळशीच्या लग्नानंतर सहा तिथी त्यांच्याकडे लाइट धरला, बॅटऱ्या सांभाळल्या. चौथ्या लग्नाला त्यांनी दुसरा कॅमेरा हातात दिला आणि म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांचे काढ, तुला ते जमतं." त्यातले दहा फोटो वापरायची परवानगी मेसेजवर लिहून घेतली आहे.

माघात मिरजेला मुंज मिळाली, गुरुजींच्या ओळखीनेच. कॅमेरा माझाच, पैसे ४,०००, एक पानाचा कागद, सह्या. "तदेव लग्नं" ऐकलं आणि हात थरथरायला लागले. अंतरपाट माझ्या बाजूला आला. विचारायचं राहिलं होतं, पंचपाळं गुरुजी. पहिल्या दोन फोटोंत नुसतं कापड. तिसऱ्यात कापडाची कड, तिच्यावरून मुलगा टाचा उंचावून वडिलांकडे बघतोय आणि वडिलांचे डोळे भरलेत. अक्षता हवेतच आहेत. हुकलेल्या दोन फोटोंचं मुलाच्या आईला सांगून टाकलं. तिने तिसरा पाहिला आणि बराच वेळ फोन परत दिला नाही.

त्याच मुंजीत भिक्षा घालायला आलेल्या एका मावशीबाईंनी नंबर घेतला. त्यांच्या भाचीचं लग्न आहे फाल्गुनात, सांगलीतच, गोरज मुहूर्त, दोनशे माणसं. मंगळागौर आणि मुंज, दोन्ही पूर्ण संच दाखवले. त्यांनी लग्नाचे फोटो मागितलेच नाहीत. मी स्वतःहून सांगितलं की स्वतःच्या नावावर घेतलेलं हे माझं पहिलं लग्न असेल, आणि सोबत स्टुडिओवाले काका असतील. काका येतो म्हणालेत, त्यांचे दिवसाचे पैसे मी देणार आहे.

डी७५० भाड्याने ठरवलाय, आदल्या दिवशी आणून रात्रभर हातात ठेवणार. कार्डं चार, नंबर घातलेत. हॉल दोनदा बघून आलो, त्याच वेळेला, संध्याकाळी सव्वासहाला. पश्चिमेच्या दारातून उजेड येतो, पण स्टेजवर एलईडीच्या पट्ट्या आहेत, १/१०० वर जातात. वहीत अकरा नावं आहेत. पहिलं नाव नवरीच्या पणजीचं. त्या व्हीलचेअरवर असतात आणि सात वाजता त्यांना घरी नेणार आहेत, म्हणून त्यांचा फोटो मुहूर्ताच्या आधी.

तिसरी_घंटा दादा, एक विचारायचं होतं: गोरज मुहूर्ताला बाहेरचा उजेड जात असताना आणि आत एलईडी असताना व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दिसावेत म्हणूनची सेटिंग, तुम्ही कशावर ठेवता?

तिसरी_घंटा

रॉमध्ये काढा, म्हणजे रंग नंतरही बदलता येतो, आणि चेहऱ्यावर जो उजेड पडतोय त्यावर ठेवा, मागचं आभाळ निळं झालं तर होऊ दे, चांगलंच दिसतं. तारीख कळवा. त्या दिवशी मला काम नसेल तर मीही येतो, पणजींची खुर्ची दारातल्या उजेडात आणायला माणूस लागेल.